सह्याद्रीचे वय किती? खडकांची जन्मतारीख शोधणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट



परवा शुक्रवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे बाब अल बहरीनपाशी गाडी लावून मनामा सूकमध्ये भाजी आणायला निघालो होतो. तेवढ्यात वाईहून ताईचा फोन आला. "अरे, तू तरी समजाव याला. बारावीला चांगले मार्क पडतील असं सर म्हणतात, आणि हा म्हणतो मी जिऑलॉजी घेणार. दगड फोडून पोट भरतं का?"

भाच्याने फोन हातात घेतला आणि मलाच विचारले, "मामा, तू सांग, आपला पांडवगड किती वर्षांचा?"

"असेल आठशे-एक वर्षांचा."

"किल्ला नाही रे, डोंगर!"

इंजिनिअरिंगची चार वर्षे आणि आयटीतली बारा वर्षे पाठीशी असूनही मला उत्तर देता आले नाही. रात्री वाचायला बसलो, आणि पुढचे दोन आठवडे तेच वाचत राहिलो. आपल्या मंडळात दहावी-बारावीची मुले असलेली बरीच घरे आहेत, म्हणून जे समजले ते इथे थोडक्यात मांडतो आहे. मी या विषयातला जाणकार नाही, चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी पायाखालचा दगड

आपण जिथे राहतो तिथूनच सुरुवात करू. बाब अल बहरीनची इमारत १९४९ साली पूर्ण झाली. तिचा आराखडा सर चार्ल्स बेलग्रेव्ह यांचा. तेव्हा समुद्र अगदी दाराशी होता. नंतर भर घालून जमीन वाढवली आणि समुद्र लांब गेला. म्हणजे इमारतीचे वय कागदपत्रांवरून कळते. पण बेटाच्या खडकाचे काय?

बहरीनच्या पृष्ठभागावरचा दगड मुख्यतः चुनखडीचा आहे. तो इओसीन काळातला, म्हणजे साधारण ५ कोटी ६० लाख ते ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या टप्प्यातला. उथळ समुद्रात साचलेल्या गाळाचा आणि शिंपल्यांचा तो बनला आहे, म्हणून त्याचे वय त्यातल्या जीवाश्मांवरून ठरवतात. १९३२ साली जबल दुखानच्या पायथ्याशी आखाताच्या या बाजूचे पहिले तेल लागले, ते मात्र बरेच खाली, क्रिटेशियस काळातल्या खडकात.

आपला सह्याद्री या दोघांच्या मधला! बहरीनच्या वरच्या दगडाहून म्हातारा आणि तेलाच्या खडकाहून तरुण. पण आपला काळा कातळ हा थिजलेला लाव्हा आहे. त्यात शिंपले नाहीत, मासे नाहीत. मग त्याचे वय कळले कसे? या प्रश्नावर एका फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञाची सगळी कारकीर्द उभी राहिली. त्यांचे नाव व्हँसाँ कुर्तियो.

इंजिनिअर ते भूभौतिकशास्त्रज्ञ

कुर्तियो यांचा जन्म १९४८ चा. आपल्याकडच्या बऱ्याच जणांप्रमाणे तेही मुळात इंजिनिअरच. पॅरिसच्या प्रसिद्ध खाण-अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली, मग अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकले आणि परत येऊन पॅरिसच्या भूभौतिकी संस्थेत रमले. सुरुवातीचे काम पृथ्वीच्या चुंबकत्वावर होते. हे चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलते हे माहीत होते, पण मधूनच ते अचानक झटका दिल्यासारखे वळण घेते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवले.

ऐंशीच्या दशकात त्यांचा गट हिमालय आणि तिबेटच्या प्रश्नावर काम करत होता. भारताचा तुकडा दक्षिणेकडून सरकत येऊन आशियाला धडकला, पण कोणत्या काळी तो नेमका कुठे होता? हे शोधायला भारतातला जुना आणि चांगला चुंबकीय खडक हवा होता. असा खडक दख्खनमध्ये मुबलक आहे. म्हणजे कुर्तियो आपल्याकडे आले ते भारताचा प्रवास मोजायला, आणि हाती लागले भलतेच!

हे काम आपल्या लोकांनी आधी सुरू केले होते, हेही सांगायला हवे. डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटीच दख्खनच्या कातळातल्या चुंबकत्वावर शोधनिबंध लिहिला होता. खालचे थर उलट्या दिशेचे आणि वरचे सरळ दिशेचे, हे तेव्हापासून दिसत होते.

दगडातले होकायंत्र

हे उलटे-सरळे प्रकरण काय आहे? लाव्हामध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होत साधारण ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला, की हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. गंमत अशी की पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात. शेवटची अदलाबदल सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाली. त्यामुळे प्रत्येक थर म्हणजे आपल्या जन्माच्या वेळचे गोठलेले होकायंत्रच!

नमुना घेणे मात्र कष्टाचे. पेट्रोलवर चालणारे हिऱ्याच्या पात्याचे छोटे ड्रिल घेऊन घाटातल्या कड्यावर उभे राहायचे आणि अडीच सेंटिमीटर जाडीची दगडी कांडी काढायची. काढण्याआधी ती कोणत्या दिशेला आणि किती तिरकी होती याची खूण करायची. साध्या होकायंत्रावर विसंबता येत नाही, कारण कातळ स्वतःच चुंबकीय असल्याने काट्याला ओढतो. म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा काढतात. माथ्यावर वीज पडलेली असेल तर तिथल्या दगडाचे चुंबकत्वही बिघडलेले असते. असे शेकडो नमुने, एकेका घाटात!

कुर्तियो यांच्या गटाला अपेक्षा काय होती? त्या वेळी दख्खनच्या खडकांची जी वये छापली गेली होती ती ८ कोटींपासून ३ कोटी वर्षांपर्यंत पसरलेली होती. लाव्हा खरोखर पाच कोटी वर्षे वाहत असता, तर त्या काळात ध्रुव कितीतरी वेळा उलटसुलट झाले असते आणि थरांमध्ये ते सगळे पट्टे दिसले असते. पण दोन किलोमीटरहून जाड कातळात दिसले काय? बहुतेक सगळा उलटा, टोकांना थोडासा सरळ. बस्स!

याचा अर्थ एकच होता. एवढा प्रचंड लाव्हा फार थोड्या काळात, जेमतेम दहा लाख वर्षांत बाहेर पडला. आज उरलेला दख्खनचा कातळसुद्धा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरला आहे. आणि त्याची वेळ होती डायनोसॉर नाहीसे झाले त्याच्या अगदी आसपासची. १९८६ साली कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. आधी १९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्र व सहकाऱ्यांनी अवकाशातून आदळलेल्या मोठ्या अशनीचा सिद्धांत मांडला होताच. आता दुसरा संशयित उभा राहिला, आणि तो चक्क आपला सह्याद्री!

पोटॅशियमचे घड्याळ

चुंबकत्वावरून "किती काळ" ते कळते, "कधी" ते कळायला दुसरे घड्याळ लागते.

निसर्गातल्या पोटॅशियमपैकी अगदी थोडा भाग किरणोत्सारी असतो, तो पोटॅशियम-४०. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे. त्यातल्या दर दहा अणूंपैकी साधारण एकाचे रूपांतर आरगॉन-४० या वायूत होते. लाव्हा पातळ असताना हा वायू निसटून जातो. थिजला की आत अडकतो. म्हणजे लाव्हा थिजला त्या क्षणी घड्याळ शून्यावर येते, आणि नंतर साठलेला आरगॉन मोजला की वय मिळते.

घोळ असा की आपल्याकडे पाऊस! हजारो पावसाळे खाल्लेल्या, कुजलेल्या दगडातून आरगॉन गळतो आणि दगड आहे त्यापेक्षा तरुण दिसतो. जुन्या वयांत एवढा पसारा होता तो मुख्यतः यामुळे. उपाय म्हणून आरगॉन-आरगॉन पद्धत आली. नमुना अणुभट्टीत ठेवून त्यातल्या पोटॅशियमच्या काही भागाचे आरगॉन-३९ करतात, मग तो टप्प्याटप्प्याने तापवतात आणि निघणारा वायू मास स्पेक्ट्रोमीटरने मोजतात. कुजलेला भाग कमी तापमानाला आपले खोटे वय सांगून मोकळा होतो, आतला निरोगी भाग नंतर खरे सांगतो.

१९८८ साली डंकन आणि पाइल यांनी या पद्धतीने दख्खनचा उद्रेक अल्पकाळाचाच होता याला दुजोरा दिला. वेंकटेशन, पांडे आणि गोपालन यांनी १९९३ मध्ये वेगळे मत मांडले. त्यांच्या मोजमापानुसार बराचसा लाव्हा डायनोसॉर संपण्याच्या आधीच वाहून गेला होता. पुढे कांचन पांडे आयआयटी मुंबईत आले. तिथे या पद्धतीची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली आणि तिचे नमुने तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत ठेवले जाऊ लागले.

सगळा जीव ± मध्ये

आता या लेखाचा गाभा. आपण शाळेत वय वाचतो, "साडेसहा कोटी वर्षे", आणि पुढे जातो. शास्त्रज्ञ मात्र आकडा वाचत नाही, त्याच्या पुढचे अधिक-उणे वाचतो. ६ कोटी ६० लाख, पण अधिक-उणे किती? दहा लाख? मग ज्वालामुखी आधी की विनाश आधी, हे सांगताच येणार नाही. आरोपी घटनेच्या वेळी तिथे होता की नाही हेच कळत नसेल, तर खटला चालणार कसा?

म्हणून या क्षेत्रातल्या माणसाची कारकीर्द म्हणजे ± च्या पुढचा आकडा लहान करत जाणे. साठ-सत्तरच्या दशकांत वयांचा पसारा होता कोट्यवधी वर्षांचा. १९८६ नंतर तो आला दहा लाखांच्या घरात. कुर्तियो, फ्लुतो आणि शने यांच्या गटाने २००७ ते २००९ मध्ये पुन्हा घाटांत फिरून दाखवले, की लाव्हा संथपणे सतत वाहत नव्हता. मोठमोठे लोंढे थोड्या काळात येत आणि मध्ये शांतता असे.

पुढची उडी प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या गटाची. झिर्कॉन नावाच्या सूक्ष्म स्फटिकात युरेनियम असते आणि त्याचे शिसे होते. युरेनियमचे दोन प्रकार, दोघांचे वेग वेगळे, म्हणजे एकाच स्फटिकात एकमेकांना तपासणारी दोन घड्याळे! अडचण एवढीच, की आपल्या कातळात झिर्कॉन जवळजवळ मिळत नाही. त्यांनी शोधला तो दोन लाव्हा थरांच्या मधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यांत, जिथे ज्वालामुखीची राख पडली होती. घाटातून जाताना काळ्या कड्यात आडवी लाल रेघ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तीच ही! २०१५ साली त्यांनी लिहिले, की मुख्य उद्रेक विनाशाच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षे चालला. आता ± आला लाखाच्याही आत.

आणि तरीही भांडण मिटले नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. शोन यांचा गट म्हणतो, लाव्हाचा एक मोठा लोंढा विनाशाच्या काही दशसहस्र वर्षे आधी आला. कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेने यांचा गट आरगॉन पद्धतीने म्हणतो, बहुतांश लाव्हा विनाशानंतर आला. दोघांचीही मोजमापे काटेकोर, दोघेही प्रामाणिक.

आपल्या लोकांनी इथे कान टवकारायला हवेत, कारण वाद कोणत्या नावांनी चालतो पाहा. सह्याद्रीच्या थरांना शास्त्रज्ञांनी आपल्याच गावांची नावे दिली आहेत. खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. त्यांचे तीन उपगट आहेत, कळसूबाई, लोणावळा आणि वाई. स्प्रेन यांच्या मते विनाशाची वेळ बुशे आणि पोलादपूर यांच्या सीमेजवळ येते. शोन यांच्या मते पोलादपूरच्या थरांचा मोठा लोंढा त्याआधीच सुरू झालेला होता. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारी एसटी आपल्याला ज्या कड्यांमधून वर नेते, त्यांवरून प्रिन्स्टन आणि बर्कलीमध्ये वाद चालू आहे.

एकाच डोंगराची दोन घड्याळे का जुळत नाहीत? एक कारण असे, की आरगॉनचे घड्याळ स्वतः दुसऱ्या घड्याळावर लावलेले असते. अमेरिकेतल्या फिश कॅन्यन नावाच्या राखेतले स्फटिक प्रमाण म्हणून वापरतात. त्यांचे वय २ कोटी ८० लाखांवरून २ कोटी ८२ लाखांवर सरकवले, तर जगभरची त्यावर बेतलेली वये सरकतात. आयटीवाल्यांना हे पटकन कळेल. सर्व्हरचे घड्याळ चुकले तर लॉगमधल्या सगळ्याच नोंदी चुकतात. दुसरे कारण, मोजलेल्या दोन थरांच्या मधले वय गणिताने भरावे लागते, आणि इथे संख्याशास्त्राच्या निवडीनुसार उत्तर थोडे हलते.

कारकिर्दीची दुसरी बाजू

कुर्तियो पुढे फ्रान्सच्या शिक्षण व संशोधन मंत्रालयात सल्लागार झाले, पॅरिसच्या संस्थेचे दोनदा संचालक झाले, २००३ साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीवर निवडून आले. पण त्यांनी हवामान बदलात सूर्याच्या भूमिकेवर भर देणारी आणि माणसाच्या वाट्यावर शंका घेणारी मते मांडली, तेव्हा हवामानशास्त्रज्ञांनी त्यांच्यावर कडक टीका केली, आणि ती मते त्या क्षेत्रात मान्य झाली नाहीत. हे मुद्दाम लिहितो आहे. एका प्रश्नात काटेकोर राहिलेला माणूस दुसऱ्या प्रश्नात आपोआप बरोबर ठरत नाही. तिथेही मोजमापच दाखवावे लागते.

मुलांना सांगायचे काय?

आता पालकांसाठी व्यवहाराचे.

शिक्षण: बारावी विज्ञाननंतर भूशास्त्रात बी.एस्सी. करता येते. पुण्याच्या फर्ग्युसन आणि मुंबईच्या झेवियर्स महाविद्यालयात हा विषय जुना आहे. पुढे आयआयटी मुंबईत उपयोजित भूशास्त्र किंवा उपयोजित भूभौतिकी घेऊन एम.एस्सी. करता येते, त्यासाठी जॅम ही प्रवेश परीक्षा असते. जेईई देऊन खरगपूर, रुरकी किंवा धनबादला थेट भूभौतिकीकडेही जाता येते. गणित आणि भौतिकशास्त्र पक्के हवे. प्रोग्रॅमिंग येत असेल तर उत्तमच, वर पाहिलेले सगळे गणित संगणकावरच चालते.

संस्था: हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, आणि आपल्या कऱ्हाडची बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा, जिने कोयना भागात तीन किलोमीटर खोल विवर घेतले आहे.

नोकरी: खडकांची वये मोजणाऱ्या पक्क्या जागा थोड्या आणि पीएच.डी.ची वाट लांब, हे खरे आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण हेच शिक्षण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, तेल कंपन्या, खाणी, धरणे व बोगदे आणि राज्याची भूजल यंत्रणा यांत उपयोगी पडते. आपण ज्या देशात पगार घेतो त्याचे नशीब १९३२ मध्ये खडक वाचणाऱ्यांनीच उघडले, आणि २०१८ साली जाहीर झालेला समुद्रातला नवा साठाही त्यांच्याच हातचा.

मी ताईला शेवटी हेच सगळे फोनवर सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे अजून त्यांचं ठरलंच नाही का, आधी काय झालं ते?" मी म्हटले, नाही ठरले. क्षणभर शांतता. मग म्हणाली, "बरं, मग याला करू दे प्रयत्न. निदान वाईचंच आहे ते."

भाच्याला पांडवगडाचे उत्तर पाठवले आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. त्याचा लगेच उलट प्रश्न आला, "अधिक-उणे किती?"

या सुट्टीत गावी जाल तेव्हा घाटात गाडी जरा बाजूला थांबवा आणि मुलांना ती लाल रेघ दाखवा. आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी कोणी या क्षेत्रात असेल तर मंडळाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यांच्याकडूनच ऐकू.